शिंकेचा दाखला

स्वरदा अखेर डॉक्टरांकडे पोहोचली. आता हे विसरून जा, कारण अकरा दिवस ती कुठेच पोहोचली नव्हती.

पाचवा महिना, त्यात झाशीच्या धुळीची ॲलर्जी. मनानेच गोळी घ्यायची नाही, म्हणून ती रोज दवाखान्याला निघायची आणि रोज उंबऱ्यावर शिंकायची. "अपशकुन झाला गं! बस, पाणी पी, उद्या जा," म्हणत सासूबाई तिला परत बसवायच्या.

बाराव्या दिवशी सासूबाई अंघोळीला गेल्या आणि स्वरदा निसटली. डॉक्टरीणबाईंनी मिठाच्या पाण्याचा स्प्रे दिला. "ये सेफ है, बेटा. अगले हफ्ते फिर आना."

स्वरदाने पर्समधून अर्ज काढला.

"सदर शिंक वैद्यकीय असून अपशकुनी नाही, असा दाखला शिक्क्यासह सासूबाईंच्या नावे मिळावा, ही नम्र विनंती."