मोजताना बोलायचं नाही

बोट जेट्टीला लागली होती आणि आनंदराव माणसं मोजत होते. डावा तळहात वर, नजर एकेका डोक्यावर, ओठ पुटपुटत. तळहात वर असला की कुणी बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. सकाळी अंबरनाथच्या देवळाबाहेर, बसच्या दाराशी मोजताना मागून, जरा लांबून, कुणीतरी 'अहो' म्हणालं, तेव्हाही त्यांनी वळून न पाहता तळहात आणखी उंच धरला होता. आवाज लगेच थांबला होता. अकोल्याहून आलेल्या मंडळींना आता याची सवय झाली होती.

मोजणी बरोबर निघाली. ती नेहमीच बरोबर निघायची. सगळी हयात टूर मॅनेजर म्हणून गेली, केरळपासून केनियापर्यंत पाहुणे फिरवून झाले, पण त्यांचं एकही माणूस कधी मागे राहिलं नव्हतं. महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते. ही शेवटची टूर, तीही घराजवळची. सकाळी अंबरनाथचं जुनं शिवमंदिर, दुपारी ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो आणि संध्याकाळी ठाण्याची तलावपाळी.

"चला, चढा पटापट. ओहोटी लागली की बोट चिखलात बसेल," ते म्हणाले.

दर्शना नावाची एक तरुण बाई जागची हलली नाही. "काका, त्या आलेपाकवाल्या काकू नाही दिसत?"

"कोण काकू? माणसं बरोबर आहेत."

"असं कसं? सकाळी बसमध्ये सगळ्यांना वड्या वाटल्या की त्यांनी. मागच्या बाकावर होत्या. मला वाटलं, झोपल्या असतील."

आनंदराव बसमध्ये चढले. शेवटच्या बाकावर आलेपाकाचा डबा होता, पर्स होती आणि उन्हासाठी घेतलेली, किमतीचं लेबलही न काढलेली टोपी होती. सुमती नव्हती.

त्यांनी तिचा फोन लावला. तो त्यांच्याच खांद्यावरच्या बॅगेत वाजला. देवळात जाताना तिने तो त्यांच्याकडे सांभाळायला दिला होता.

सुमती त्यांची बायको. कंपनीत घरच्यांना टूरवर न्यायची पद्धत नव्हती. शेवटची टूर म्हणून यावेळी साहेबांनी आपणहून परवानगी दिली. आठवडाभर ती डोंबिवलीच्या घरात गुणगुणत वावरत होती. फ्लेमिंगोंची पिल्लंही गुलाबी असतात का, बोट जवळ गेली की ते उडतात का, असं काहीबाही विचारत होती. आज सकाळी ती बसमध्ये पुढच्या सीटवर बसायला गेली, तेव्हा आनंदरावच म्हणाले होते, "पुढे पाहुणे बसतील. तू आपली मागे बस." ती हसून मागे गेली होती.

मोजायचे ते पाहुणे. घरचं माणूस मोजायची त्यांना सवयच नव्हती.

"साहेब, बस वळवू?" ड्रायव्हर सीतारामने विचारलं.

बोटवाला घड्याळ दाखवत होता. मंडळी एवढ्या लांबून फक्त हे पक्षी बघायला आली होती. आणि टूर मॅनेजर पाहुण्यांना सोडून जात नाही, हे तर नव्या पोरांना शिकवणारे आनंदरावच. त्यांनी हातातला कंपनीचा झेंडा सीतारामच्या हाती दिला.

"जा काका," दर्शना म्हणाली. "आम्ही काय लहान लेकरं आहोत? मी मोजते सगळ्यांना."

अंबरनाथच्या वाटेवर, शिळफाट्याला, त्यांची रिक्षा अडकली. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "काका, सारखे घड्याळ बघताय. काय विसरलात काय कुठे?"

"हो."

"मोबाइल?"

"बायको."

तो मोठ्याने हसला. मग आरशात त्यांचा चेहरा दिसला आणि त्याने दोन ट्रकांमधून रिक्षा काढली.

आनंदरावांना आधी राग आला होता. एवढी मोठी बस डोळ्यांदेखत निघते आणि हिला ओरडता येत नाही? कल्याण जवळ आलं तसा तो राग टिकेना. ती हरवेल, अशी भीती त्यांना नव्हती. अंबरनाथहून डोंबिवली ती किती लांब? कुणाकडूनही चार पैसे घेऊन ती घरी गेली असती. भीती त्याचीच होती. ती तिथे नसली, सरळ घरी निघून गेलेली असली, तर घराची बेल वाजवताना काय तोंड दाखवायचं, हे त्यांना सुचत नव्हतं.

देवळाबाहेरच्या कट्ट्यावर बेलफूल विकणाऱ्या गंगुबाईंचं दुकान होतं. सुमती तिथेच बसली होती, बेलाची पानं निवडत. तिची मान खाली होती.

"आले बघा तुमचे मालक," गंगुबाई म्हणाल्या आणि आनंदरावांकडे वळल्या. "मी म्हटलं, रिक्षाचे पैसे देते, घरला जा. ऐकतील तर शपथ. म्हणल्या, मोजून झालं की येतील."

आनंदराव तिच्या शेजारी टेकले. समोर काळ्या दगडाच्या भिंतीवर ऊन उतरत होतं. त्या भिंतीवरची एकेक मूर्ती त्यांनी आजवर किती जणांना समजावून सांगितली होती. सुमतीने ते सगळं सकाळी गर्दीच्या मागे उभं राहून ऐकलं होतं.

"अगं, बस निघत होती," ते शेवटी म्हणाले. "एक हाक तरी मारायचीस."

"मारली होती," सुमती म्हणाली.

हातातलं पान तिने टोपलीत ठेवलं आणि डावा तळहात वर केला. अगदी ते करतात तसा, वळून न पाहता.