खेकड्याचे पाय

“नाही म्हणजे नाही. साध्या गाठीसाठी कोण अंगाला सुरी लावून घेतं?” असं म्हणून आईने भिंग डोळ्याला लावलं आणि मनगटी घड्याळाचं झाकण उघडलं.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ताई आणि धाकटा काउंटरपाशी हात चोळत उभे होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गाठ आत्ता काढली तर आई वाचेल, उशीर केलात तर माझ्या हातात काही राहणार नाही. पण आईला हे सांगायचं कुणी? ती हायच खाईल. म्हणून दोघांनी ‘साधी गाठ’ असं ठरवून टाकलं होतं. आपसात बोलताना मात्र ते डॉक्टरांचाच शब्द वापरत. तो आईला कुठला कळायला!

“सारखं ते कार्सिनोमा कार्सिनोमा काय कुजबुजता रे? काय असतं ते?”

ताईने धाकट्याकडे पाहून डोळे वटारले. पण तो पडला जुन्या भाषांचा प्राध्यापक. शब्दाचं मूळ कुणी विचारलं की त्याला राहवत नसे. आणि मूळ सांगणं म्हणजे रोग सांगणं थोडंच?

“ग्रीक शब्द आहे, आई. कार्किनोस म्हणजे खेकडा.”

“अगंबाई! खेकडा कुठून आला त्यात?” आईने भिंग काढलं. कुठलीही गोष्ट आतून कशी चालते हे कळेपर्यंत तिला चैन पडत नसे. पोरगा तिच्यावरच गेला होता.

“तिकडच्या जुन्या वैद्यांनी अशा गाठी पाहिल्या. भोवतीच्या शिरा फुगून चहूकडे गेलेल्या. त्यांना वाटलं, मधे कवच आणि बाजूंना पाय.” त्याने काउंटरवर बोटं पसरून दाखवली. स्वारी चांगलीच रंगात आली होती.

“आणि तो पसरत जातो?”

“हो ना! म्हणून तर वेळेवर काढायला…”

बोटं काउंटरवर तशीच राहिली. ताईने कपाळाला हात लावला.

“म्हणजे कर्करोग,” आई म्हणाली.

धाकट्याला स्वतःची जीभ तोडून टाकावीशी वाटली. आईने घड्याळाचं झाकण बसवलं. ते दुसऱ्या खेपेला बसलं.

“डॉक्टरांना फोन लाव. उद्याच जमतंय का विचार.”

ताई बघतच राहिली. “अगं, पण आत्तापर्यंत तर तू नकोच म्हणत होतीस!”

“साधी आहे म्हणालात, म्हणून नको म्हणत होते गं.”