तिसरी तक्रार

थर्मामीटर तेरावर येऊन थांबला. मेकॅनिकने तो खिडकीतल्या एसीच्या तोंडाशी आणखी मिनिटभर धरला. तेराच. हवा अशी गार, की बोटं आखडावीत.

जाळी स्वच्छ होती, गेल्या आठवड्यात तिनेच धुतली होती. मागची कॉइल स्वच्छ. करंट बरोबर, गॅस बरोबर. तरी या घरून पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा तीच तक्रार आली होती: खोली थंड होत नाही. साहेबांनी सकाळीच सुनावलं होतं, “आजही काही सापडलं नाही, तर उद्यापासून ऑफिसात बसून फोन घे.” वर्कशॉपमध्ये पाना हातात धरणारी ती एकटीच बाई. फोन घ्यायला बसली की परत पाना हातात येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“झालं का?” काकूंनी विचारलं. काकू पलंगाशेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. पलंगावर काका, महिन्याभरापूर्वी हॉस्पिटलातून घरी आणलेले, डोळे मिटून पडले होते. तक्रार त्यांच्या लेकीची होती. वडिलांची खोली गार ठेवा असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून तिने हौसेने हा एसी, वापरलेला का होईना, विकत आणून बसवून घेतला होता. पण संध्याकाळी कामावरून परत यावं, तर खोली भट्टीसारखी तापलेली.

“नाही झालं. आज कारण कळल्याशिवाय मी हलणार नाही, काकू.”

“कशाला एवढा जीव काढतेस? जुनंच मशीन आहे. चालायचंच.”

ती मागची बाजू पाहायला गॅलरीत गेली. एसीच्या पाठीतून गरम वारा फेकला जात होता, कॉम्प्रेसर घरघरत होता. आणि एकाएकी तो बंद पडला. पंखा तेवढा फिरत राहिला. खोली अजून गार व्हायची होती, कॉम्प्रेसर आपणहून थांबायचं काहीच कारण नव्हतं. तिने वाकून काचेतून आत पाहिलं.

काकू एसीजवळ उभ्या होत्या. त्यांचा हात बटणावर होता.

ती आत आली, तेव्हा बटण ‘पंखा’वर होतं आणि काकू खुर्चीत परतल्या होत्या. म्हणजे मशीन चांगलं होतं! कागदावर ‘बिघाड नाही, वापरात चूक’ एवढं लिहिलं, की ती सुटली. साहेबांचंही तोंड बंद. तिचा संताप अगदी जिभेवर आला.

“काकू, माझी नोकरी जायची वेळ आलीय. तुम्हीच बंद करता, मग सांगत का नाही?”

काकूंचा चेहरा उतरला. “ते घरघरायला लागलं की मला ह्यांचा श्वास ऐकू येत नाही गं,” त्या म्हणाल्या.

मग अडखळत सगळं सांगितलं. काकांना हॉस्पिटलात न्यावं लागलं, त्या दिवशी दुपारी त्या शेजारी बसून भाजी निवडत होत्या. काकांचा श्वास अडकला तो नुसता कानाने कळला. वेळेवर कळलं म्हणून वाचले, असं डॉक्टरही म्हणाले. तेव्हापासून काकू ऐकत बसायच्या. झोप कसली, डोळा लागला तरी दचकून जाग यायची. लेक घरी यायच्या वेळेला त्या बटण परत फिरवून ठेवायच्या. “तिला सांगू नकोस. एवढ्या मायेने आणलंय तिने.”

मशीन गार करत होतं, पण खोली गार होत नव्हती; आणि तक्रार तर खोलीचीच होती.

“ते टेबल इकडे सरकवा, काकू,” ती म्हणाली आणि तिने पुन्हा हत्यारांची पिशवी उघडली.

दोघींनी मिळून एसीचं धूड खिडकीतून टेबलावर ओढलं. काकूंना धाप लागली, पण त्यांनी हात सोडला नाही. एक तांब्याची नळी पत्र्याला घासत होती; ती तिने अलगद बाजूला वळवली. कॉम्प्रेसरच्या पायाखालची रबरं चेपून पापडासारखी झाली होती, म्हणून सगळी घरघर पत्र्यात उतरत होती. नट एकेक सैल करून तिने नवी घातली. एक नट इतका गंजला होता, की पाना निसटून तिचं बोट सोलवटलं. काकू हळद आणायला उठल्या. “ते नंतर. आधी हा निघू दे,” म्हणत तिने पुन्हा पाना लावला. तो निघाला. मशीन आत ढकलून तिने चौकटीच्या फटीत रबरी पट्टी ठोकून बसवली. मग दोघींनी काकांचा पलंग खिडकीपासून दूर, समोरच्या भिंतीला नेला.

तिने बटण फिरवलं. कॉम्प्रेसर सुरू झाला. आवाज होताच, पण आता कुणी तोंड मिटून गुणगुणावं तेवढा.

काकू मान वाकवून उभ्या राहिल्या. श्वास आत गेला. बाहेर आला. पुन्हा आत गेला.

“येतोय,” त्या म्हणाल्या. “येतोय गं ऐकू.”

“मग आता टेका जरा. मी ऐकते.”

“तू?”

“माझे कान चांगले आहेत. मशीनचा आवाज ऐकून ऐकून तयार झालेत.”

संध्याकाळी लेक दार उघडून आत आली आणि गार हवेने उंबऱ्यातच थबकली. आई खुर्चीत मान कलती टाकून गाढ झोपली होती. मेकॅनिक पलंगाशेजारी स्टुलावर बसली होती, बोटाला फडकं गुंडाळलेलं, कान काकांकडे.

“सापडला का बिघाड?” लेकीने दारातूनच विचारलं.

मेकॅनिकने ओठांवर बोट ठेवलं.

“आवाज,” ती हळूच म्हणाली.