दोनशे चौदावी सही

"अजून नाहीच म्हणतोय?" साहेबांनी विचारलं.

"नाहीच," पुस्तकबाई म्हणाल्या.

साहेबांनी भिंतीवरच्या फळ्याकडे पाहिलं. पुस्तकबाईंच्या वळणदार अक्षरात तिथे २१३ लिहिलेलं होतं, आणि त्याखाली २१४. हा एकाचा फरक मार्चपासून तसाच होता आणि आता सप्टेंबर संपत आला होता.

प्रकरण साधं होतं. कंपनीनं नऊ वर्षांपूर्वी वेबसाइट उभारण्यासाठी एक सांगाडा तयार केला आणि सगळ्या जगाला फुकट दिला. ऑफिसात त्याला नुसतं 'चौकट' म्हणत. ज्या भाषेत तो लिहिला होता, तिचा कंपायलर, म्हणजे लिहिलेलं तपासून यंत्राला समजेल असं करणारा प्रोग्रॅम, खडूस मास्तरासारखा, बारीकशी चूकही पोटात घालत नसे. तरीही अनोळखी माणसांनी आपापल्या घरी बसून त्यात भर घातली. अट एकच होती: ज्यानं जे लिहिलं ते त्याचंच राहील. आता एका बड्या कंपनीला चौकट विकत हवी होती, कुलूप लावून, म्हणजे पुढे फुकट कोणालाच मिळणार नाही अशी. त्यासाठी लिहिणाऱ्या दोनशे चौदा जणांची लेखी संमती लागत होती.

ती गोळा करायचं काम पुस्तकबाईंकडे आलं. चौकटीची माहितीपुस्तिका त्या लिहीत, म्हणून हे नाव. या दोनशे चौदा जणांच्या चुका त्यांनी वर्षानुवर्षं दुरुस्त केल्या होत्या. कोण चिडका, कोण लाघवी, त्यांना तोंडपाठ होतं.

साहेबांना आकडे आवडत. कागद चाळायचा त्यांना भारी कंटाळा. शिवाय समोरच्या वकिलांनी बजावलंच होतं की गठ्ठा पुरा झाल्याशिवाय पाठवू नका. त्यामुळे दर सोमवारी साहेब फळा बघत आणि 'टाचणी' असं टोपणनाव लावणाऱ्या त्या एका माणसाला शिव्या घालत.

"त्याचा तुकडा कापून टाका ना," मार्चमध्ये ते मुख्य इंजिनियरला म्हणाले होते. या इंजिनियरना सगळे अण्णा म्हणत.

"टाचणीनं पाया घातलाय," अण्णा म्हणाले. "तो काढायचा तर सगळं पाडून नव्यानं बांधावं लागेल. सहा महिने कुठे गेले नाहीत."

"एका माणसासाठी? सोडा. वळेल तो."

मग साहेबांनी त्याला वळवायचा चंगच बांधला. मोठ्या पदाची लालूच दाखवली. ती पोचवायची पुस्तकबाईंनी आणि आलेलं उत्तर वाचून दाखवायचंही त्यांनीच.

"'आमच्या दवाखान्यात नंबर लावायचं पान या चौकटीवर चालतं,'" त्यांनी एकदा वाचलं. "'तुमच्या खुर्चीसाठी मी पेशंटना ताटकळत ठेवणार नाही.'"

पुढच्या सोमवारी: "'नातीला शाळेत सोडून आलो आणि तुमचं पत्र वाचलं. उत्तर तेच आहे.'"

त्याच्या पुढच्या सोमवारी: "'परीक्षा तोंडावर आहे, म्हणून थोडक्यात. नाही.'"

"नात आहे आणि परीक्षा देतोय?" साहेब म्हणाले. "वय तरी काय याचं?"

"शिकायला वय कुठे असतं, साहेब."

अण्णांना ठसका लागला. ते पाणी प्यायला उठून गेले.

ऑगस्टमध्ये साहेबांनी कोर्टाची धमकी धाडली. उत्तर दोन ओळींचं आलं. पुस्तकबाईंनी चष्मा पुसून ते सावकाश वाचलं. "'मी दिलं ते सगळ्यांना दिलं. विकायला तुमच्या बापाचं नाही.'"

"हे शेवटचं वाक्य त्यानं लिहिलंय?"

"अगदी असंच आहे."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "बाई, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूनं आहात?"

"पुस्तिकेच्या पहिल्या पानावर 'ही चौकट सर्वांची आहे' असं मी लिहिलंय, साहेब. विक्री झाली की ते खोडायलाही मलाच सांगाल."

"सांगणारच. नोकरी करता तुम्ही इथे."

"सांगून बघा," पुस्तकबाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज चढला नाही, पण त्या दिवसापासून आपली नोकरी गेल्यात जमा आहे हे त्यांना पक्कं ठाऊक झालं. भीतीही वाटली. घरी त्या एकट्याच कमावत्या होत्या. तरी दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळेला आल्या आणि फळ्यावरचा पुसट झालेला आकडा पुन्हा ठळक केला.

शेवटच्या शुक्रवारी दुपारी बड्या कंपनीचा फोन आला. मुदत संपली होती. त्यांनी दुसरीकडे सौदा केला होता.

साहेबांनी फोन खाली ठेवला. मग पुस्तकबाईंकडे बघून ते थकल्यासारखे हसले.

"चाळीस-पन्नास जण अडून बसले असते ना, तर मी मार्चमध्येच नव्यानं लिहायला घेतलं असतं. आज सगळं तयार असतं. पण एकच माणूस, आज वळेल, उद्या वळेल, म्हणून थांबलो. दोनशे तेरा जण शहाणे निघाले आणि एका हट्टी माणसानं मला बुडवलं."

"हट्टी तर खराच," पुस्तकबाई म्हणाल्या.

"त्याला कळवून टाका. जिंकला म्हणावं."

"आत्ताच कळवते."

त्या आपल्या टेबलापाशी आल्या. अण्णांनी न विचारता खुर्ची ओढून दिली. पुस्तकबाईंनी छोटंसं पत्र लिहिलं, शुद्धलेखन तपासलं आणि दोनशे चौदाच्या दोनशे चौदा पत्त्यांवर एकदम पाठवून दिलं: 'आपला नकार वेळेत मिळाला होता. सगळ्यांचाच मिळाला होता.'