चंगाई सभा
नवापूरच्या चंगाई सभेत पाहुण्या प्रचारकानं एस्तेरला व्यासपीठावर बोलावलं. लहानपणापासून तिचा डावा पाय लुळा होता. "विश्वास असेल तर कुबडी टाक, चाल!" तो गरजला. मांडवभर 'हालेलुया' घुमलं. खाली आई हात जोडून रडत होती. या दिवसासाठी तिनं उपास केले होते. एस्तेरनं पाय टेकून पाहिला. तो तसाच होता. "दोन पावलं तरी टाक, लोकांचा विश्वास वाढेल," प्रचारक कुजबुजला. एस्तेरनं माईक घेतला. "मी बरी झालेली नाही," ती म्हणाली, "पण पाय असाच राहिला तरी येशू माझाच आहे." तिनं खड्या आवाजात स्तुतिगीत सुरू केलं. पहिली साथ आईनं दिली, उभी राहून. बघता बघता खाटेवर आणलेले रुग्णसुद्धा गाऊ लागले. आई शेजारणीला ओरडून सांगत होती, "ती माझी लेक!"