घोरपड

बाबा ग्रीको-रोमन कुस्तीतले विजेते होते. त्या कुस्तीत खाली पडलेल्या मल्लाने मॅटला पोट चिकटवून राहायचं असतं आणि समोरच्याने त्याला उलटवायचं असतं. बाबांना उलटवणं कधीच कुणाला जमलं नाही, म्हणून त्यांच्या वस्तादांनी त्यांना घोरपड म्हणायला सुरुवात केली.

म्हातारपणी स्मृती गेली, तरी ते पालथेच झोपत. सतत तसं पडून पोटावर जखमा झाल्या होत्या. त्या धुवायला उताणं करू गेलं, की बाबा गादीला चिकटत.

"दोन वॉर्डबॉयनाही आवरत नाहीत," सिस्टर म्हणाल्या. "जखमा धुतल्या नाहीत तर विष रक्तात भिनेल."

मी वस्तादांना घेऊन आले.

"काका, आता तुमचंच ऐकतील. सोड म्हणून सांगा त्यांना."

वॉर्डबॉयनी बाबांच्या कमरेखाली हात घातले. बाबांची पाठ ताठ झाली. वस्ताद बघतच राहिले. मग काठी टाकून ते बाबांच्या कानाशी वाकले.

"शाब्बास, घोरपडी. सोडायचं नाही."

मला बाबांनी कित्येक महिने ओळखलं नव्हतं.

"हो, वस्ताद," ते म्हणाले आणि त्यांनी गादी आणखी घट्ट धरली.