लाल आणि हिरवी टोपणं

"किती वेळा दाखवलं, तरी मुद्दाम चुकवतो!" नातवाला न्यायला आलेल्या आजोबांना बालवाडीच्या बाई म्हणाल्या. निहार भिंतीकडे तोंड करून उभा होता. बाकीची मुलं बाटल्यांची टोपणं रंगांप्रमाणे टोपल्यांत टाकत होती.

बाईंनी निहारची टोपली पुढे केली. "लाल टोपणं टाक म्हटलं, तर निम्मी हिरवी टाकली. वर म्हणतो, सगळी सारखीच आहेत. एवढंसं पोर, पण खोटं बोलतं!"

आजोबांनी एकेक टोपण उजेडात धरून पाहिलं. मग त्यांचा आवाज चढला. "ह्यातली हिरवी कुठली, ते मलाही दिसत नाही. जन्मापासून. तेच लेकीकडून नातवात उतरलंय. पोराने दिसलं ते खरं सांगितलं, आणि तुम्ही त्याला सगळ्यांदेखत खोटारडा ठरवलंत?"

"मला कल्पना नव्हती," बाई पुटपुटल्या.

"मग आधी विचारायचं होतं!"

निहारने मान न वळवताच विचारलं, "आजोबा, आता वळू?"

आजोबा त्याच्याकडे निघाले, पण थांबले. "मी नाही सांगणार," ते बाईंना म्हणाले. "ज्यांनी उभं केलं, त्यांनीच जाऊन वळवायचं. माफी मागून."

बाई खाली मान घालून भिंतीकडे निघाल्या.